एवढी रेघ होऊ दे

गालावर आधी एक काना उमटला. दीनानाथला वाटलं, कागदावर केस पडलाय. त्याने पेन्सिल ठेवली, दाढीच्या जुन्या ब्रशने कागद झटकला, दिव्याची मान खाली ओढली आणि पुन्हा बघितलं. उजव्या गालाच्या हाडाखाली, जिथे तो तांबूस रंगाचा तिसरा थर चढवत होता, तिथे एक बारीक उभी रेघ पांढरीच राहिली होती. रंग तिच्या दोन्ही काठांना बसत होता, तिच्यात उतरत नव्हता. केस नव्हता, वळ होता. कुणीतरी या कागदावर दुसरा कागद ठेवून दाबून लिहिलं होतं आणि त्या लिहिण्याची खाच खाली उतरली होती. कोऱ्या कागदावर अशी खाच दिसत नाही, वरून रंग फिरला की उठून दिसते. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं अनुरेखकाची, म्हणजे नकाशे शाईने उतरवणाऱ्या ट्रेसरची, नोकरी केलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. सवयीने त्याने आधी मनातल्या मनात एक शिवी दिली, मग पेन्सिल उचलली आणि बारीक गोल गोल फिरवत पुढे सरकवली. कान्याच्या अलीकडे म आला. पलीकडे य आला. मग थोडी मोकळी जागा, आणि मग ले. अक्षर कुणाचं ते ओळखायला त्याला यापुढे जावं लागलं नाही. इतकं दाबून लिहिणारं माणूस त्याच्या आयुष्यात एकच होतं, आणि ते या क्षणी त्याच्या डोक्यावर, स्वयंपाकघरात, रवा भाजत होतं.

मार्चमधला मंगळवार होता. मार्कहॅमच्या त्या घरात दुपारी दोघंच असत. मुलगा जयदीप आणि सून अनुया आपापल्या ऑफिसात, नात रेवा शाळेत, आणि बेसमेंटमध्ये दीनानाथ, त्याच्या शेजारी घर तापवणारा, भट्टीसारखा गुरगुरणारा फर्नेस आणि कपड्यांचं मशीन. नागपूर सोडून मुलाकडे परदेशात येऊन चार वर्षं झाली होती. त्यातली पहिली तीन त्याने खिडकीशी बसून काढली. कुणी काही विचारलं तर उत्तर देई, जेवायला बोलावलं तर जेवे, आणि बर्फ पडलं की एखाद्या सरकारी पाहणी-अधिकाऱ्यासारखा ते किती इंच झालं हे जयदीपला सांगे. फावड्याने ते उपसायला मात्र त्याला कुणी देत नसे, कंबर धरेल म्हणून. मग गेल्या सप्टेंबरात अनुयाने त्याला कम्युनिटी सेंटरमधल्या ज्येष्ठांच्या चित्रकलेच्या वर्गात घातलं आणि बहात्तर रंगीत पेन्सिलींचा एक पत्र्याचा डबा आणून दिला. तो डबा उघडून म्हाताऱ्याने एकेक पेन्सिल उचलून बघितली. आयुष्यभर त्याने काळ्या शाईशिवाय दुसरा रंग हाताळला नव्हता.

वर्ग घेणारी एलेन पन्नाशीची बाई होती, हातवारे करून शिकवणारी, त्यामुळे दीनानाथला तिचं इंग्रजी समजे. तिने सांगितलं, फोटोवर अर्ध्या इंचाच्या चौकटी आखा, तितक्याच कागदावर आखा, आणि एकेका चौकटीतलं तेवढंच उतरवा. "नाक काढू नका, डोळा काढू नका. नुसता आकार काढा." आणि जमत नसेल तर फोटो उलटा करा, डोकं खाली, हनुवटी वर, म्हणजे माणूस ओळखू येणार नाही आणि हात खोटं बोलणार नाही. बाकीचे म्हातारे यावर हसले. दीनानाथला मात्र आपल्या गावचं माणूस भेटल्यासारखं झालं. कालव्याचा नकाशा असाच उतरवतात. कुठलं गाव बुडणार, कुणाचं शेत जाणार हे ट्रेसरने बघायचं नसतं, त्याने रेघ बघायची असते. डोळ्यांत तेल घालून त्याने तेवढंच केलं होतं. दोन महिन्यांत त्याची सफरचंदं आणि किटल्या इतरांच्यापेक्षा खूपच पुढे गेली, आणि जानेवारीत त्याने कुणाला न सांगता बायकोचा चेहरा काढायला घेतला. मे महिन्यात लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. चेहरा खरा हवा, फोटोसारखा, म्हणून फोटोवरूनच. प्रमिला दिवसभर घरात, वरच्या मजल्यावर, आणि हा खाली तिच्या फोटोवर चौकटी आखतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण चाळीस वर्षांत तो तिच्याकडे असा टक लावून कधी बसला नव्हता, आणि आता बसला असता तर दोघांनाही अवघड झालं असतं.

फोटो दिवाळीचा. रेवाने फोनवर काढलेला. सोफ्यावर प्रमिला बसली आहे, मान किंचित डावीकडे वळवलेली, हनुवटी उचललेली, काहीतरी बोलायच्या बेतात. इथल्या बायकांसारखी पोझ द्यायला शिकली, असं दीनानाथला तेव्हा वाटलं होतं आणि थोडी गंमतही वाटली होती. फोटोच्या कडेला एक करड्या स्वेटरचा खांदा आला होता, तो त्याने चौकटी आखताना कापून टाकला. डोळे आधी केले. डोळ्यातला उजेडाचा ठिपका म्हणजे कागदाचा पांढरेपणा, तो पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो, मागाहून वर पांढरी पेन्सिल घासून तो येत नाही. तीन आठवडे डोळ्यांना लागले, दोन केसांना. डावा डोळा काही केल्या बसेना. उजव्याची नजर एका जागी लागलेली, डाव्याची जराशी हरवलेली. फोटो हलला असणार, असं ठरवून त्याने डाव्या डोळ्याची नजर उजव्याशी जुळवून घेतली. चित्र उलटं ठेवून केलं ते, म्हणजे आपण काय सुधारतोय हे त्याला दिसलं नाही. मग गाल आणि गळा कोरे ठेवून त्याने कागदावर बटर पेपर टाकला आणि आठवडाभर सर्दीने अंथरूण धरलं.

तेव्हा लिहिलं असणार. कपडे लावायला ती खाली येते, मशीन संपेपर्यंत थांबते. आणि या टेबलावर घरातला सगळ्यांत लख्ख दिवा आहे. दीनानाथने पेन्सिलीचं टोक काढलं. टोक काढताना त्याला नागपूरच्या गोकुळपेठेतली भाड्याची खोली दिसली, तिच्यात अर्धी जागा अडवून बसलेला त्याचा ड्रॉइंग बोर्ड आणि त्या बोर्डावर कागद ठेवून किराण्याची यादी लिहिणारी प्रमिला. ती लग्नाआधीपासून एका पतसंस्थेत पावत्या फाडायची. दोन कार्बन, तीन प्रती. तिसऱ्या प्रतीवर आकडा उमटला नाही तर मॅनेजर सगळ्यांदेखत बोलायचा, म्हणून तिचा हात जन्माचा जड झाला. बॉलपेन तिच्या हातात आलं की खालच्या टेबलालासुद्धा कळायचं. "माझ्या शीटवर ठेवून लिहू नको म्हणून किती वेळा सांगितलं," असं तो ओरडायचा. "रवा, गूळ, तूरडाळ. धरणाच्या भिंतीवर तूरडाळ उमटली आहे तुझी." ती हसायची, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच ठेवून लिहायची. त्याला आता वाटलं, यादीच असेल. दूध, दही, कोथिंबीर. पण ले कुठून आला.

त्याच्यापुढे दोन रस्ते होते. अतिशय बारीक टोक काढून, भिंगाखाली, ती खाच दोन्ही कडांनी भरून काढता येते. एका कान्याला पाच मिनिटं, पण येते, आणि मग कुणाला पत्ता लागत नाही. छत्तीस वर्षं त्याने अशा चुका ब्लेडने खरवडून बेपत्ता केल्या होत्या. किंवा गालावर सरळ रंग फिरवत जायचं आणि वाचायचं. मग मात्र अक्षरं ठसठशीत होणार आणि दोन महिन्यांच्या कामाची माती होणार. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये हे त्याला कळत होतं. त्याने तांबूस पेन्सिल ठेवली, त्याहून गडद, विटकरी रंगाची घेतली, आडवी धरली आणि आपल्या बायकोच्या गालावर झराझरा फिरवली. एलेनने बघितलं असतं तर तिने डोक्याला हात लावला असता.

माय लेफ्ट आय इज नॉट सीइंग साइड. मराठी अक्षरात, इंग्रजी. तिला इंग्रजी बोलायचं असलं की ती आधी असं लिहून काढी आणि पाठ करी. बसमध्ये म्हणायचं वाक्य, शाळेत रेवाच्या बाईंना म्हणायचं वाक्य. खाली दुसरी ओळ होती. सिन्स बिफोर दिवाळी. तिच्याखाली तिसरी. आय फॉल टू टाइम्स. दीनानाथने पेन्सिल ठेवली तेव्हा बोटं विटकरी झाली होती. त्याने ती ओळ पुन्हा वाचली, मग पहिली पुन्हा वाचली. हे डॉक्टरला सांगायचं होतं. हे कुणीतरी डॉक्टर समोर बसलाय असं धरून, त्याच्याच दिव्याखाली, त्याच्याच कागदावर पाठ केलं होतं.

दोन वेळा पडली. एकदा तो घरातच होता. डिसेंबरात, दाराबाहेरच्या पायरीवर. "पाय घसरला," ती म्हणाली होती, आणि त्याने म्हटलं होतं, "लक्ष कुठे असतं तुझं?" दुसरी वेळ कुठली? त्याला माहीत नव्हतं. आणि आता एकेक गोष्ट अशी यायला लागली की त्याला खुर्चीत नीट बसता येईना. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून घेणं. ताटाच्या डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहणं, आणि वर "आज चटणी केली नाही का?" असं अनुयाला विचारणं. डाव्या हाताला ठेवलेल्या कपाला धक्का लागून चहा सांडणं, एकदा, दोनदा, चारदा. दर वेळी त्याने तेच वाक्य म्हटलं होतं. लक्ष कुठे असतं तुझं. जयदीपलासुद्धा गंमत म्हणून सांगितलं होतं, तुझी आई म्हातारी झाली, वेंधळी झाली. ती त्यावर हसली होती. तिच्या डाव्या बाजूचं जग कुणीतरी हळूहळू आत दुमडत होतं आणि ती गप्प राहून हसली होती. दीनानाथला स्वतःचा इतका राग आला की त्याने तो फर्नेसवर काढला. उठून त्याच्या पत्र्यावर एक बुक्की मारली. काही झालं नाही, हात दुखला.

मला का नाही सांगितलं, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, पण अगदी नावापुरता, कारण उत्तर त्याला पाठ होतं. ब्याऐंशी सालची गोष्ट. जयदीप तीन वर्षांचा, आणि प्रमिलाला पाचवा महिना. उजव्या कालव्याची शीट दुसऱ्या दिवशी मुंबईला जायची होती, म्हणून तो बोर्ड घेऊन घरीच बसला होता. ती दाराशी येऊन म्हणाली, "मला बरं वाटून नाही राहिलं." पेनमध्ये शाई उतरलेली होती, पट्टी धरलेली होती, मध्येच उचललं की रेघेला गाठ पडते. तो म्हणाला, "एवढी रेघ होऊ दे." ती रेघ झाली, तिच्यापुढची झाली, तिला जोडून तिसरी झाली. त्याने वर बघितलं तेव्हा पाऊण तास झाला होता आणि ती दाराशीच खाली बसलेली होती. रिक्षा, मेयो हॉस्पिटल. मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाऊण तासाने काही फरक पडला नसता. प्रमिलानेही कधी तोंडातून शब्द काढला नाही. उलट पुढे पुढे ते वाक्य घरात थट्टेचं होऊन बसलं. "चला जेवायला. का अजून रेघ व्हायची आहे तुमची?" जयदीपनेही उचललं ते, शाळेला उशीर झाला की म्हणायचा. दीनानाथ त्यांच्याबरोबर हसायचा. पण त्या दिवसानंतर तिने त्याला आपलं काही दुखतंय असं कधी सांगितलं नाही, एकदाही नाही. तिचा ताप त्याला दुसऱ्यांकडून कळे. आणि त्याने हे पस्तीस वर्षं सोयीस्करपणे तिची प्रकृती चांगली आहे असं धरून चालवलं.

"येता का वर?" जिन्यातून आवाज आला. "चहा ठेवला आहे. काय होऊन राहिलं इतक्या वेळचं खाली?"

त्याने चित्रावर बटर पेपर टाकला, हात धुतले आणि वर गेला. टेबलावर सांजा होता, चहा होता, बिस्किटांची बशी होती. प्रमिला त्याच्या समोर बसली. जांभळा कार्डिगन, वर पदर खोचलेला, चष्म्याला पिठाचा हात लागलेला. तो बघत राहिला. फोटोत नसलेलं बरंच काही होतं. डाव्या कपाळावर, केसांच्या कडेला, एक पिवळा पडत चाललेला निळा डाग होता, आठवड्याभराचा तरी. ती रेवाच्या शाळेतल्या कसल्याशा स्पर्धेचं सांगत होती. दीनानाथने बिस्किटांची बशी, जणू आपल्याला जागा हवी आहे म्हणून, तिच्या डाव्या हाताकडे सरकवली. आणखी थोडी सरकवली. बोलता बोलता तिचा हात टेबलावर पुढे आला, बशी होती तिथे टेकला, थोडा चाचपडला.

"संपवली का सगळी?" ती म्हणाली.

"नाही. ही काय." त्याने बशी उचलून तिच्या समोर ठेवली.

"अरे, हो नं. दिसलीच नाही मला." ती हसली आणि थांबली. पुढचं वाक्य ती ऐकायला तयार होऊन बसली आहे हे त्याला दिसलं. लक्ष कुठे असतं तुझं. ते आलं नाही तेव्हा तिने मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं.

"बरं नाही का तुम्हाला?" तिने विचारलं.

"बरा आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडात सगळं होतं, डोळा, दिवाळी, दोन वेळा, पण एकही वाक्य सुरुवातीपासून सुरू होईना. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असल्या गोष्टी बोलायची भाषाच तयार केली नव्हती. त्याने सांजा चांगला झाला असं म्हटलं. ती म्हणाली, मीठ कमी आहे. ते खरंच कमी होतं.

बुधवारी त्याने जबड्याची कड घेतली. आता लपवाछपवी उरली नव्हती, विटकरी पेन्सिल आडवी धरून तो ओळीच्या मागे जात होता. चौथी ओळ हनुवटीच्या अंगाने गेली होती. माय हजबंड डझ नॉट नो. तेवढ्यात शाळेतून आलेली रेवा दप्तर घेऊन तशीच खाली उतरली आणि त्याच्या खांद्यावरून वाकली.

"आजोबा, व्हाय इज देअर रायटिंग ऑन आजीज फेस?"

"उमटलंय ते."

"व्हॉट डझ इट से?"

"इंग्लिशच आहे."

"नो, इट्स नॉट," ती म्हणाली. तिला देवनागरी येत नव्हती. थोडा वेळ बघून तिने बोट डाव्या डोळ्यावर धरलं, कागदाला न लावता. "ऑल्सो, द आय इज राँग. आजीज आय डझन्ट लुक लाइक दॅट. इट काइंड ऑफ गोज अवे."

"कधीपासून?"

रेवाने खांदे उडवले. "आय डोन्ट नो. फॉर अ लाँग टाइम." आणि ती खायला मागायला वर गेली. नऊ वर्षांच्या पोरीला चालताबोलता दिसलेलं त्याने चौकटी आखून, भिंग लावून, तीन आठवडे खपून दुरुस्त केलं होतं.

शेवटची ओळ गळ्यावर होती. गळ्याची कातडी काढायला अवघड म्हणून त्याने ती सगळ्यांत शेवटी ठेवली होती. आता तिथे ना क्रीम रंगाचा पहिला थर होता ना फिकट गुलाबी, कोऱ्या कागदावरच त्याने विटकरी रंग घासला आणि अक्षरं एकदम, एका झटक्यात, वर आली. ही इज मेकिंग माय पिक्चर. फर्स्ट लेट हिम फिनिश.

दीनानाथने ते मराठीत करून बघितलं. करायची गरज नव्हती, वाक्य मराठीतच होतं, त्याचंच होतं. आधी एवढी रेघ होऊ दे. तिने बटर पेपर उचलून बघितला होता. आपला अर्धा चेहरा बघितला होता, सुधारलेल्या डोळ्यासकट, आणि मग त्यावर कागद ठेवून डॉक्टरला विनंती लिहिली होती. मशीन थांबल्याची घंटी झाली, थोड्या वेळाने पुन्हा झाली. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. मग त्याने फोन घेतला आणि लुर्डसला लावला.

लुर्डस वसईची. ज्येष्ठांच्या मंडळाची कामं बघायची, आणि गाडी चालवता न येणाऱ्या अर्ध्या मार्कहॅमला इकडून तिकडे पोचवायची. प्रमिला तिच्याबरोबर दर पंधरवड्याला मॉलमध्ये जाते असं घरात समजलं जाई.

"लुर्डस, हिच्या डोळ्याचं काय आहे?"

पलीकडे जरा वेळ नुसता गाडीचा इंडिकेटर वाजत राहिला. "अंकल, मला शप्पत घातली तिने. तिने सांगितलं तुम्हाला?"

"लिहून सांगितलं."

"थँक गॉड," लुर्डस म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. जानेवारीत चष्म्याच्या डॉक्टरने बघितलं. डोळ्यातलं प्रेशर वाढलंय, आतली नस सुकत चाललीय, डाव्या डोळ्याची एक बाजू गेली. "गेलेलं परत येत नाही म्हणे. पण राहिलेलं राखता येतं. ड्रॉप्स आहेत, लेझर आहे. स्पेशालिस्ट ठरवेल. उशीर करू नका, असं तो दोनदा बोलला, मी होते ना तिथे. फेब्रुवारीची डेट मिळाली होती, ती हिने पुढे ढकलली. आता उद्याची आहे, नॉर्थ यॉर्कला, अकरा वाजता. तर काल मला फोन, एप्रिलमध्ये कर म्हणून."

"का?"

"तुमच्यासाठी, अंकल. मी भांडले तिच्याशी. तर मला म्हणते, आमचा माणूस तीन वर्षांनी खालून शिट्टी वाजवत वर येऊन राहिला. चित्र होऊ दे, मग सांगते, आता सांगितलं तर पेन्सिल टाकून देईल." लुर्डस थांबली. "मी अजून क्लिनिकला फोन नाही केला."

"करू नको," दीनानाथ म्हणाला. "किती वाजता येशील?"

आपण शिट्टी वाजवतो हे त्याला माहीत नव्हतं. आणि त्याला आठवलं की फेब्रुवारीत, काम छान चाललं होतं म्हणून, लवकर संपू नये म्हणून, त्याने मुद्दाम हात आखडता घेतला होता. दिवसाला एक चौकट. त्यापेक्षा जास्त नाही.

गुरुवारी सकाळी पावणेदहाला तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याच्या अंगात कोट होता, पायात बूट होते, आणि हातात तिचा कोट होता. प्रमिला भाजी चिरत होती. तिने बुटांकडे बघितलं. घरात बूट घालून आलेला माणूस तिला एरवी खपत नसे.

"कुठे चालले?"

"नॉर्थ यॉर्कला. अकराची वेळ आहे तुझी."

तिने सुरी खाली ठेवली. नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला. "लुर्डसनं सांगितलं."

"नाही. तू सांगितलंस. माझ्या शीटवर ठेवून लिहू नको म्हणून किती वेळा सांगितलं तुला."

ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं, हसणं की दुसरं काही, हे त्याला कळलं नाही. तो कोपराही त्याने एका चौकटीत काढला होता.

"मग चित्र झालं का?" तिने विचारलं.

"नाही."

"किती राहिलं?"

"गळा राहिला. एक कान राहिला. आणि डावा डोळा चुकलाय."

"मग तेवढं तरी होऊ द्यायचं होतं नं," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, जेवायला वाढताना बोलावं तसं. "आज काय नं एप्रिल काय."

"राहू दे," दीनानाथ म्हणाला. त्याला आणखी म्हणायचं होतं. ब्याऐंशी सालचं, पाऊण तासाचं. त्याऐवजी त्याने कोट पुढे धरला. उजवा हात तिने बरोबर घातला. डावी बाही तिला सापडेना, हात मागे हवेत फिरत राहिला. त्याने तिचं मनगट धरलं आणि बाहीत घातलं, मग खाली वाकून तिच्या बुटांच्या चेन लावल्या. त्याची कंबर धरली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तोल जाऊ नये म्हणून, आणि चेन लावून झाल्यावरही तो तिने काढला नाही.

बाहेर लुर्डसची गाडी उभी होती. पायरीवर रात्रीचं बर्फ कडक झालं होतं. एरवी दीनानाथ पुढे, गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचा आणि बायका मागे. आज त्याने तिला उजवीकडच्या दाराने आत बसवलं, गाडीला वळसा घातला आणि मागचंच दुसरं दार उघडून तिच्या डाव्या बाजूला बसला. लुर्डसने आरशातून बघितलं.

"अहो?" प्रमिला म्हणाली, सरळ समोर बघत. तो कुठे आहे हे तिला दिसलं नव्हतं.

"इथे आहे."

मग तिने मान वळवली. किंचित डावीकडे, हनुवटी जराशी उचलून, काहीतरी बोलायच्या बेतात. तो कोन दीनानाथला तोंडपाठ होता. दोन महिने त्याने तो अर्ध्या अर्ध्या इंचाने मोजला होता. दिवाळीच्या दिवशी सोफ्यावर तिच्या डावीकडे कोण बसलं होतं, तो कापून टाकलेला करडा स्वेटर कुणाचा होता, हे आत्ता त्याच्या लक्षात आलं. तोच स्वेटर त्याच्या कोटाच्या आत होता.

"असे काय बघून राहिले?" ती म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला, आणि बघतच राहिला. लुर्डसने गाडी रिव्हर्समध्ये टाकली.